डावी कड

सतरा महिन्यांची गाडी, आणि ड्रायव्हरची सीट अशी
जणू वीस वर्षं तिच्यावरून कुणी उतरतंच आहे.
ऊर्वेनं कंपनीचं पत्र वाचून दाखवलं:
'सदर झीज वापरामुळे झाली आहे.'
वापरामुळे नाही तर काय,
उपवासामुळे होते?

सीट काढून बाकावर आडवी घातली.
कुरेसारेत एकतीस वर्षं मी हेच करतोय.
बोटींच्या गाद्या, टॅक्सी, चर्चमधल्या गुडघ्यांच्या उशा,
एकदा दंतवैद्याची खुर्ची,
तिचे हात तेवढे झिजले होते.
झीज वाचता येते.
मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवणारा
एकाच जागी चंद्रकोर कोरतो.
अंगानं भारी माणूस मधली शिवण उसवतो,
घाईतला माणूस कडेची.
कुत्रा तर सगळं कबूलच करून जातो.

जीन्स घालता? खिशाला पितळी बटणं?
नाही म्हणाली. कामाची सुती पँट.
किल्ल्या गळ्यात, नाडीला.
दिवसातून किती वेळा उतरता?
अकरा घरं. कधी चौदा.
बँडेज, इंजेक्शनं, म्हाताऱ्यांची नखं,
पार सोर्वेच्या टोकापर्यंत.

म्हणजे हिशेब सोपा.
चौदा चढणं, चौदा उतरणं, गुणिले सतरा महिने.
मी पेन्सिल कानावरून काढली.

पण चामडं तसं बोलत नव्हतं.
सरकत उतरणाऱ्याची रेघ आडवी असते, चकाकती.
इथे चकाकी थोडीच होती.
आतला फोम मात्र कडेला चेपून पुठ्ठा झालेला,
आणि खाली, दाराच्या पट्टीवर,
रस्त्यावरच्या मिठाचे दोन पांढरे डाग,
दोन टाचांचे, शेजारी शेजारी.
कुणीतरी कडेवर बसत होतं.
दार उघडं टाकून, पाय बाहेर बर्फात.
बराच वेळ.

विचारायला नको होतं.
'तुम्ही लगेच आत जात नाही,' मी म्हणालो.
ती माझ्या शिलाई मशीनकडे बघत राहिली.
'एका घरी नाही जात. आता दोन घरी.
स्वयंपाकघरात दिवा असतो,
गाडीचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो.
मी साठपर्यंत मोजते,
चेहरा जागेवर आणते
आणि उठते.'
'आणि परत आल्यावर?'
'परत आल्यावर तीनशे.'

कंपनीनं ती कड बसण्यासाठी केलेलीच नव्हती.
ती मांडीला आधार द्यायला, वळणावर,
अशा माणसासाठी
जो पोचला की पोचलेला असतो.

जुन्या बोटीच्या बाकातला घट्ट फोम कापला.
खाली तागाची पट्टी, वर दुहेरी शिवण,
मेणातून काढलेला दोरा.
बैलाचं चामडं होतं थोडं, रंग जुळेना.
चालेल, म्हणाली.
कड वरून जराशी सपाट ठेवली,
चार बोटं रुंद.
मुद्दाम पाहिलं तरच कळावं
आणि बसलं की आपोआप.

कंपनीच्या फॉर्मवर रकाना होता: झिजेचं कारण.
तिथे मी लिहिलं, 'बैठक.'
पैसे आले नाहीत.
येणार नव्हतेच.
तिनं अर्धे रोख दिले, उरलेल्यांचे धुरावलेले मासे,
वर माझं ब्लड प्रेशर बघून गेली.
जास्त आहे म्हणाली.

फेब्रुवारीत सालमेच्या रस्त्यानं जाताना
एका पिवळ्या घरासमोर ती गाडी दिसली.
दार उघडं, बर्फात दोन बूट.
मी हॉर्न दिला नाही, वेगही कमी केला नाही.
मनात मोजत गेलो.
एकेचाळीसपर्यंत
ती आरशात होती.