पाण्यावरची रेघ

बालाटोन तळ्याच्या उत्तर काठावर, आमच्या क्लबात
बुधवारच्या शर्यतीनंतर माशाचं लालभडक कालवण असतं
आणि हरण्याची कारणं आम्ही एकमेकांना वाढतो.
सुकाणूत गवत अडकलं. फेरीबोटीची लाट आली.
माझं कारण ठरलेलं: वारा फिरला.
बावीस वर्षं तेच. वारा साक्षीला येत नाही,
हे बरं असतं.

या वैशाखात लोरांतच्या भाच्यानं, झोंबोरनं,
आमच्या डोलकाठीच्या बुडाशी चिकटपट्टीनं
काडेपेटीएवढी एक पिवळी डबी बांधली.
म्हणाला, सेकंदाला दहा वेळा ही विचारते
तू कुठं आहेस.
इतक्यांदा मला कुणीच विचारलं नव्हतं.

पाण्यावरची रेघ, म्हणतात, ओढता ओढता पुसते.
ती रात्री माझ्या स्वयंपाकघरात,
जर्दाळूंची ताटली बाजूला सारून
झोंबोरनं उघडली तर जशीच्या तशी.
काळ्या पडद्यावर लाल.
काळ्या दगडावरचीच म्हणा.

शिट्टी झाली तेव्हा तू रेषेच्या एकवीस मीटर मागे.
(मला वाटलं होतं, नाक टेकलंय.)
प्रत्येक पालटाला वेग साडेचारावरून दोनावर,
परत चढायला चौदा सेकंद.
असे अकरा पालट. लागत होते सहा.
लोरांत शिडाची दोरी ओढतो तेव्हा तू आधीच वळलेली असतेस,
त्याला सांगत नाहीस.
लोरांत काही बोलला नाही. जर्दाळूची बी
त्यानं ताटलीच्या कडेला ठेवली, जपून.

"आणि हे बघ, सतरावं मिनिट."
लाल रेघ सरळ निघालेली, छान, बोयाच्या रोखानं,
आणि मग मधेच तिला काय झालं कोण जाणे,
उजवीकडे कलली, चाळीस सेकंद.
"इथं वारा फिरला," मी म्हटलं.
त्यानं बाकीच्या होड्यांच्या रेघा वर आणल्या.
कुणाचीच वाकली नव्हती.
फक्त एक हिरवी, उजवीकडून जवळ येणारी,
आणि तिच्याकडे ओढली गेलेली मी.
तेविसाव्या मिनिटाला पुन्हा. एकतिसाव्याला.
"तू शर्यत वाऱ्याशी करत नाहीस," तो म्हणाला,
"त्या एका होडीशी करतेस. का?"

बावीस वर्षांचं पोर. त्याला काय ठाऊक,
त्या होडीत एमेशे आहे.
एकोणीस उन्हाळे ती माझ्या पुढ्यात बसली,
पाठ पाण्यावर झोकून,
मी सुकाणू हलवायच्या आत तिचा हात दोरीवर असायचा.
सांगावं लागत नसे.
भांडण कशावरून झालं ते इथं लिहिणार नाही.
होडीवरून नव्हतं.

मग आम्ही सराव केला. ओस पडलेल्या सकाळी
लव्हाळ्याच्या कडेनं चाळीस पालट, रोज.
मी मोठ्यानं म्हणायचे, "वळते!"
लोरांत दचकायचा, मग दचकायचा थांबला.
चौदाचे अकरा झाले. अकराचे नऊ.
सुरुवातीच्या रेषेला मी पावलं मोजायला शिकले,
पाण्यावर पावलं,
हसू नका, जमतं ते.

गेल्या बुधवारी सतराव्या मिनिटाला
उजवीकडून एक शीड आलं, मला कळलं कुणाचं.
मानेची शीर ठणकली.
मी शिडावरच्या लोकरीच्या धाग्याकडे बघत राहिले,
फक्त धाग्याकडे.

सहाव्या आलो. नेहमी नववे येतो.
कालवण त्या रात्री जरा तिखटच होतं.

झोंबोरनं रेघा उघडल्या. लाल सरळ,
पहिल्यांदा माझं अक्षर मला वाचता आलं.
आणि हिरवी,
बोयाच्या रोखानं निघालेली हिरवी
सतराव्या मिनिटाला डावीकडे कललेली,
माझ्या बाजूला,
चाळीस नाही, पन्नास सेकंद.

"यांना काय झालं इथं?" झोंबोर पडद्यावर वाकला.
"काही नाही," मी म्हटलं,
"वारा फिरला असेल."