शेवटच्या भिंतीच्या वर

तंबू ठोकायचा तर शेवटच्या दगडी भिंतीच्या वर.
खाली कुरणं, मेंढ्या, टॅलेंटायर बाईंचं कुत्रं
आणि स्वतः टॅलेंटायर बाई, कुत्र्याहून तिखट कानांच्या.
भिंत ओलांडलीत की कुणी काही म्हणत नाही.
परवानगी आहे असं नाही. फक्त कुणी म्हणत नाही.
या डोंगरांत निम्मा कायदा असाच चालतो,
डोळ्यांवर टोपी ओढून.

उशिरा या. उजाडता उजाडता निघा.
एक रात्र. दुसरी नको.
संत्र्याची साल खिशात, चहाची पिशवीसुद्धा.
परसाकडला ओढ्यापासून साठ पावलं लांब, वीतभर खणून.
हसू नका, तो ओढा खाली माझ्याच किटलीत येतो.
मे महिन्यात पाय जपून टाका.
टिटवी उघड्यावर अंडी घालते,
जवळ गेलात की पंख मोडल्याचं सोंग करत
तुम्हाला भलतीकडेच घेऊन जाते.
जा तिच्या मागे. फसा.
तेवढं देणं लागतो आपण.

आणि आग नाही.

इथे तुम्ही सगळेच थांबता,
मी चंद्रच काढून घेतल्यासारखं बघता.
कालचा तो मुलगा, कॅस्पर, लीड्सहून आलेला,
हातात पेट्रोल पंपावरून घेतलेली लाकडांची जाळीदार पिशवी.
म्हणाला, एवढीशीच. गोल दगड लावून.
विझवून जाऊ ना.

विझवून.

साल सांगत नाही. मी एकोणीसचा,
बरोबर आयझॅक थ्रेलकेल्ड,
एप्रिल कोरडा, वारा पूर्वेचा, सॉसेज चार.
दगड आम्हीही गोलच लावले होते.
किटलीभर पाणी ओतलं, चर्र झालं,
बुटाने दाबलं, वर थुंकलोसुद्धा.
आणि शीळ घालत घरी गेलो.

इथली माती माती नाही.
ते पीट आहे, हजारो वर्षांचं न कुजलेलं शेवाळ.
आमच्याकडे तेच कापून, वाळवून चुलीत घालायचे.
म्हणजे तुम्ही सरपण जमिनीवर रचता
आणि जमीनच सरपण असते.

विस्तव खाली उतरला.
ज्योत नाही, आवाज नाही,
मुळामुळांतून सरकत गेला,
गावात एखादी गोष्ट सरकते तसा.
अकराव्या दिवशी चाळीस पावलांवर धूर निघाला.
मग ओढ्यापलीकडे.
मग डॉर्कसची मेंढी पोकळ झालेल्या जमिनीत गेली,
पोटात कोकरू होतं.
सतरा जण चर खणत होते.
मीही होतो त्यांत. सगळ्यांत जोरात खणणारा मी.
कुणी विचारलं नाही.
आयझॅक शरद लागायच्या आत कॅनडाला गेला.
हेदर तिथे अजून नीट धरत नाही.
वरून पाहिलं तर घोंगडीला
दुसऱ्याच कापडाचं ठिगळ.

यातलं काहीच कॅस्परला सांगितलं नाही.
माझा गॅसचा स्टोव्ह दिला, सपाट दगड दाखवला.
त्याने मटाराचं सूप केलं, निम्मं मला दिलं,
खारट होतं. अंधार पडला
तेव्हा तो चंद्राबद्दल काही बोलला नाही,
नुसता बघत बसला.
लाकडं मी खांद्यावर घेतली.

उतरताना वाटेत कुणाचं तरी जुनं कोंडाळं लागलं.
दगड एकेक उचलून दूर टाकले,
राखेत हात घातला, मनगटापर्यंत,
मग त्याच्याही खाली.
पाणी खोटं बोलतं. बूट खोटं बोलतो.
तळहाताने मोजेपर्यंत काही विझलेलं नसतं.

टॅलेंटायर बाईंच्या खिडकीत दिवा होता.
कुत्रं भुंकलं, मग ओळखून गप्प झालं.
“वर सगळं गार?”
त्रेचाळीस वर्षं हेच विचारतात,
हिवाळ्यातसुद्धा, बर्फ पडलेला असतानासुद्धा.
“गार,” मी म्हणालो.
“बरं,” डॉर्कस म्हणाली,
आणि माझ्या काळ्या हाताकडे बघत
हात धुवायला दार उघडं ठेवलं.