एकसुरी

सकाळी नऊला, धुक्यात, गाड्या लावायच्या जागेत
आम्ही अकरा जण.
इर्याने मोजले, पुन्हा मोजले,
मला म्हणाली, तू शेवटी राहा, कुणाला मागे टाकू नकोस.
शेवटच्या माणसाच्या वाट्याला पाठी येतात.
दहा सॅका, त्यातल्या एकीवर लटकलेला पत्र्याचा मग
पावलागणिक ठण ठण:
ऑर्विल. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं विजेचं काम केलेला,
त्याला शांतता सोसत नाही.

पायवाट उतरते तशी समुद्राची गाज मागे राहते
आणि झाडं सुरू होतात.
म्हणजे आधीही झाडंच होती, पण यांच्यापाशी
वाक्य अर्ध्यात सोडून माणूस मान वर करतो
आणि टोपी पडते. पडतेच.
ऑर्विल हिशेब सांगतो, एका खोडात किती घरं,
किती कुंपणं, किती शवपेट्या.
त्रिनिदाद त्याला दालचिनीचा पाव देते, तोंड बंद व्हावं म्हणून.
तो खात खात बोलतो.

एक जुना बुंधा लागला, खोलीएवढा रुंद.
त्याला दोन खाचा, फळ्या रोवून वर उभं राहायच्या.
इर्याने एका खाचेत बोट घातलं, काढलं.
तिचा आजोबा फिनलंडहून आला तो याच कामाला.
भोवती त्याच मुळांतून उठलेली सात झाडं,
गोल करून.
मधल्या जागेत आमच्यापैकी कुणी पाय ठेवला नाही.

दुपारी ओढ्यापाशी फिलोमेना थबकली.
एक्क्याऐंशी वर्षांची, दोन काठ्यांवर.
उजव्या कानाला हात नेला: रिकामा.
कानातलं यंत्र पडलं होतं,
शेंगदाण्याएवढं, मातीच्या रंगाचं.
तो रंग तिनेच निवडलेला, कुणाला दिसू नये म्हणून.

आणि मग त्या एवढ्या झाडांखाली
दहा माणसं गुडघ्यांवर,
नेच्यांची पाती सारत, ओल्या पाचोळ्यात बोटं घालत.
सापडलं ते असं: पिकल्या केळ्यासारखी एक गोगलगाय, शंखाविना;
कुणाच्या तरी कोटाचं बटण; झाडाचा शंकू, बोराएवढा.
‘एवढ्यातून एवढं?’ म्हणाला झेव्ही,
सतरा वर्षांचा, त्याचं दिवसभरातलं पहिलं वाक्य.

ओडेट नर्स. ती म्हणाली, झाकलं गेलं की
ते यंत्र बारीक शिट्टी मारतं. गप्प बसा सगळे.

बसलो. ऑर्विलने मग मुठीत धरला.
आधी थेंब. पाऊस नव्हता,
झाडंच धुकं पिळत होती.
मग कुठेतरी लांब, शेजारच्या खोलीत कपाट सरकवावं तसा समुद्र.
मग शिट्टी.
लांब, एकाच सुरात, संपताना जराशी किरकिरी.
डावीकडे! रांगत गेलो.
पुन्हा, आता वरच्या पट्टीत. पुढे.
पुन्हा, खालच्या. ओढा ओलांडला, विजारी भिजल्या,
आणि एका खोडाशी ती शिट्टी वर निघून गेली.

नारिंगी छाती, गळ्याला काळा पट्टा.
एक सूर लावायचा, थांबायचा,
कुणी उत्तर देईल इतका वेळ,
मग दुसरा.
आम्ही हसलो, खूप हसलो, पण नंतर.

मागे वळून बघणं हे माझं काम.
फिलोमेना ओढ्यापलीकडेच होती,
काठ्या रोवलेल्या, मान वर, टोपी पडलेली.
ओठ हलत होते. मोजत असेल,
किंवा आणखी काही. विचारलं नाही.

यंत्र सापडलं तिच्या रेनकोटच्या टोपडीत,
चार मैल परतून गाड्यांपाशी आल्यावर.
तिने ते पाहिलं, रुमालात गुंडाळलं, खिशात टाकलं.
‘घरी गेल्यावर,’ म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्याने.
इर्याने मोजले. अकरा.

मंगळवारी ऑर्विलचा फोन आला.
हॅलो म्हणाला नाही. खिडकीबाहेर धरला असावा.
मला थेंबांशिवाय काही ऐकू येईना,
तरी ठेवला नाही,
त्यानेही नाही.