नारिंगी टोक

पस्तीस दिरहॅमची बंदूक.
रोल्याच्या दुकानातून, मामूच्या ईदीतून घेतलेली.
पुढच्या टोकाला बोटभर नारिंगी प्लास्टिक.
"अब्बा, पोरं हसतात.
म्हणतात, गाजर घेऊन आलास."

मी गाड्या रंगवतो. शारजा, इंडस्ट्रियल एरिया, दहा नंबर.
ठोकलेल्या लँडक्रूझरचा दरवाजा असा करून देतो
की मालकालाही आठवू नये कुठे लागलं होतं.
मग हे टोक म्हणजे काय मोठंसं.
सहाशेच्या कागदानं घासलं, प्रायमर,
वर मॅट ब्लॅकचे दोन हात,
बाल्कनीत, वाळत्या ओढण्यांपासून लांब धरून.
खरं सांगायचं तर मजा आली.
कितीतरी दिवसांनी माझ्या हातचं काम
घरात राहणार होतं.

आमच्या वेळी संगमेश्वरात पत्र्याची मिळायची,
लाल टिकल्यांची गुंडाळी आत घालायची.
दिवाळीत शेजारच्या शिंद्यांच्या पोरांबरोबर
आख्खी आळी मारून टाकायचो आम्ही,
आणि मेलेली माणसं ओट्यावरून हाक मारायची,
फराळ करून जा रे.
त्या बंदुकीला
खेळण्याशिवाय दुसरं काही दिसताच यायचं नाही.

अबू शगाराच्या पार्कामागे, मगरिबनंतर.
कुणीतरी खिडकीतून फोन केला असावा.
दिवे फिरत होते, सायरन नव्हता.
मी चौथ्या मजल्यावर, चहा हातात.
बाकीची पोरं फुटाणे सांडावेत तशी पांगली.
उमैर उभाच.
पोलिसानं गाडीचं दार उघडलं, दाराआड राहिला,
एक हात कमरेला नेला.
तो अरबीत ओरडला,
मग उर्दूत,
मग नुसताच दुसरा हात खाली खाली दाबत राहिला
जसं तापलेल्या कुणाला निजवावं.
आणि मी रंगवलेली वस्तू
त्या उंचीवरून
मलाच ओळखू येईना.

लिफ्ट सातव्यावर. जिने.
किती पायऱ्या ते कधी मोजलं नव्हतं,
अजूनही माहीत नाही.

खाली पोचलो तेव्हा ती फरशीवर होती
आणि तिच्यावर पोलिसाचा बूट.
त्यानं उचलली, तळहातावर तोलली,
आणि फूटपाथच्या कडेला मटकन बसला.
तेवीसचा असेल. मिशी अजून नीट भरली नव्हती.
बाटलीचं झाकण त्याला दोनदा उघडेना.
पाणी प्यायला, मग नखानं टोक खरवडलं.
खालून नारिंगी निघालं.
"हे कुणी केलं?"

"मी," उमैर म्हणाला.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पोराला दम देऊन सोडतील,
बापाला विमानात बसवतील,
मग शाळा, घर, अम्मीचा ब्लडप्रेशरचा डॉक्टर...
हा हिशेब आम्ही त्याला कधी शिकवला?
आमच्या घरी व्हिसा मिठासारखा,
रोज जेवणात असतो,
कुणी नाव काढत नाही.
मी तोंड उघडलं.
माझ्या नखांच्या कडांना अजून काळं होतं.
हात खिशात घातले.

एक अरबी कागद. खाली माझी सही,
पुढे लक्ष ठेवीन अशा अर्थाची असावी.
बंदूक त्यांनी ठेवून घेतली.
जाताना तो पोरसवदा पोलीस उमैरच्या खांद्यावर
हात ठेवून काहीतरी म्हणाला.
उमैरला कळलं. मला नाही.

रात्री सफिया ताटं मांडता मांडता सुरूच होती:
अक्कल आहे का, रंग आणलास कुठून?
"अब्बांच्या डब्यातून. चोरून."
मग माझ्याकडे वळून,
"बांगडा सरकवा ना इकडे."

मी सरकवला.
आधी काटे काढले, तो पाच वर्षांचा असताना काढायचो तसे.
त्यानं काढू दिले.

सफिया बोलायची थांबली होती.
ओढणीच्या काठावरचा एक काळा ठिपका
अंगठ्यानं चोळत बसली होती,
जात नव्हता.
मॅट ब्लॅक आहे तो.
धुऊन जात नाही.