टाकीवरचा अंगठा

पंखा बंद. दार लोटलेलं.
बाहेर छावणीची गल्ली भर दुपारी हॉर्न वाजवते,
शेजारी हकीमुद्दीन मडगार्डचा पोचा ठोकतोय.
मी भिंतीवर थाप मारते, तो हातोडा खाली ठेवतो.
दहा मिनिटं. एवढंच माझं राज्य.

वर्खाची वही उघडते.
पानं अशी, की त्यांना वजन आहे
हे फक्त सराफ्याच्या पावतीवरून कळतं.
बोटाने उचलावीत तर बोटातच जिरतील,
म्हणून खारीच्या केसांचा ब्रश
आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा.
कातडीचं तेवढंसं तेल,
त्यावर पान उचलून येतं.
आई म्हणायची, पावडर लाव गं, चेहरा तेलकट दिसतो.
कामाला आला बघ.

टाकी जुन्या येझदीची.
खरवडली तेव्हा निघाला लाल, मग मिलिटरी हिरवा, पुन्हा लाल,
आणि पार तळाशी, पत्र्याला धरून, कुणाचं तरी अर्धं नाव.
त्याला मी चारशे नंबरच्या कागदाने निरोप दिला.
आता सहा हात काळा. विहिरीत वाकून बघावं तसा.

काल रात्री त्यावर चिकट वार्निशने लिहिलं: रेवा.
गाडी लोकेश चौरेची, मल्हारगंजात पोहे विकतो.
बायकोचं नाव का, विचारलं, तर म्हणाला,
नाही दीदी, नळाला येते ती. एक दिवसाआड.

वार्निश ओलं राहिलं तर सोनं बुडतं,
फार सुकलं तर ओळख देत नाही.
बोटाचं मागचं पेर टेकवायचं, उचलायचं,
टिक असा आवाज आला पाहिजे,
टाळूवरून जीभ सुटते तसा.
बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे,
त्यांना तो दारातून ऐकू यायचा.
मला अजून कान खाली न्यावा लागतो.

टिक.

श्वास धरते.
पहिलं पान 'रे'च्या मात्रेवर पडतं,
दुसरं त्याच्या कडेवर, तिसरं वळतं, मोडतं,
मोडू दे, तुकडेही सोनंच असतात.
मग कापूस. जिथे चिकट नाही तिथलं सगळं झडतं,
फरशीवर, चपलेवर, चहाच्या कपात.
मग मखमलीचा बोळा, टेकवून पाव फेरा,
टेकवून पाव फेरा,
अक्षराच्या पोटात भोवरे फिरू लागतात.

आणि टाकीच्या डाव्या कुशीत,
जिथे मी काही लिहिलंच नव्हतं,
एक अंगठा.
सोनेरी. रेषा न् रेषा.

हातमोजे होते मला.
काल रात्री लोकेश आला होता बघायला.
हात लावू नकोस, तीनदा सांगितलं,
आणि तोही दोन्ही हात पाठीमागे बांधून
शाळेत उभं केल्यासारखा उभा.
मी दिवा बंद करायला वळले, तेवढ्यात.
पहाटेपासून कढईशी असलेला अंगठा तो.
सोनं विचारत नाही, तेल कुणाचं.

थिनरचा बोळा हातात आहे.
एक पुसा, आणि काळं होतं तसं काळं.
पुसायलाच हवं खरं तर,
तेलावर क्लिअर कोट फाटतो, त्याला डोळे पडतात.
भिंतीपलीकडून: हो गया क्या?
रुको, म्हणते मी.
दहाची बारा मिनिटं झालीत.
ते अर्धं नाव कुणाचं होतं, कुठे जायचा तो ही गाडी घेऊन,
हे मी कागद घासताना विचारलं नव्हतं.

बोळा खाली ठेवते.
पहिला हात दुरून, नुसतं धुकं,
वाळू देते, मग दुसरा, मग भरून तिसरा.
फाटला नाही.

बिलात लिहिलं: पानं तेवीस.
चोविसावं लिहिलं नाही.

लोकेश संध्याकाळी आला. गाडीभोवती दोनदा फिरला,
रेवा मोठ्याने वाचलं, एकदा हळू वाचलं.
डाव्या कुशीकडे त्याचं लक्ष गेलं नाही.
आता लावू का हात?
लाव, म्हटलं.
तर आधी त्याने अंगठा
शर्टाला नीट पुसून घेतला.