दुसरा ग

स्विश्तोव गावी, डॅन्यूबच्या काठाला,
म्युझियमच्या तळघरात
टेबलावर तीनशे तेरा नाणी
आणि एक फुटका माठ,
बुडाला अजून मक्याच्या शेतातली माती.
नांगर अडला तेव्हा वेलिझारला वाटलं
मागच्या लढाईतला बॉम्ब. तो पळाला.
मग परत आला, बायकोला घेऊन.

रादोस्तिना एकेक उचलते,
भिंगाखाली धरते, कडेकडेनं वाचते.
या एकावर नाव गंजानं खाल्लंय,
नाकही गेलंय.
बिरुदं शाबूत.

इम्प. म्हणजे सैन्यानं जयजयकार केला.
(आधी पगार वाटला,
हे कोरायला जागा उरली नसावी.)
टी, आर, पी. हो, तीच अक्षरं,
आपण टीव्हीच्या मालिकांना लावतो ती.
लोकांच्या वतीनं नकार देण्याचा अधिकार,
दरसाल नव्यानं घेतलेला, शेजारी आकडा.
ज्याला कुणीच नाही म्हणू शकत नव्हतं
त्याच्या नकाराचं हे वर्ष चौथं.
तारीख सापडते ती इथेच.
मग पी पी : देशाचा पिता. मायबाप.
मग धर्मशील. मग भाग्यवान.
भाग्यवान म्हणवणाऱ्यांतले किती जण अंथरुणात मेले
ते ती मोजत नाही. वहीत तसा रकाना नाही.

बिरुदं लांबत जातात
तशी चांदी पातळ होते.
माठातली सगळ्यात नवी नाणी
म्हणजे तांब्यावर कल्हई,
नखानं निघेल अशी.

"म्हणजे हे सगळं खोटंच की,"
मदतीला आलेला कालोयान म्हणतो.
एकोणीस वर्षांचा आहे, त्याला घाई असते.
"खोटंच. पण तारखेसकट."
आणि ती त्याला माठ दाखवते :
उत्तरेकडच्यांवर विजय, विजय, पुन्हा विजय,
आणि इतके विजय कुणीतरी
एका रात्री शेतात पुरले.
न्यायला कुणी आलं नाही.

दोनशे सात नंबरचं नाणं तिनं बाजूला ठेवलंय
मंगळवारपासून.
मागच्या अंगाला पंखांची विजयदेवी
आणि कडेनं : औग्ग.
एक ग असला की सम्राट एक.
दोन असले की दोघं, बापलेक किंवा भाऊभाऊ.
तीन दिसले की समजावं, आता जुंपणार.
या नाण्यावर दोन होते.
दुसरा कुणीतरी खरवडलाय.
टांकसाळीत नाही; तिथं काम सफाईचं असतं.
हे सुईचं, किंवा आऱ्याचं,
हात जरा थरथरलेला,
शेजारच्या देवीच्या पायालाही ओरखडा.
कुणी सांगितलं असेल त्याला?
का कुणी सांगायच्या आतच त्यानं करून टाकलं?

तिचे वडील खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक.
नव्वद साली देशाच्या नावातला 'लोक' गेला,
नवा शिक्का यायला आठ महिने लागले.
तोवर त्यांनी दाढीच्या पात्यानं
रबरावरचा तो एक शब्द कापून काढला,
स्वयंपाकघरात, चष्मा कपाळावर चढवून.
त्या वर्षीच्या दाखल्यांवर
गोल अक्षरांत एक पांढरी फट आहे.
तिच्याही दाखल्यावर आहे.
वडिलांना आनंद झाला होता की भीती वाटली होती,
तिनं विचारलं नाही. आठ वर्षांची होती,
रबराचे कपटे गोळा करत होती.

ती नोंद लिहिते :
दुसरा ग टोकदार वस्तूनं खरवडलेला.
केव्हा : अज्ञात.
का, असा रकाना याही वहीत नाही.

कालोयान डबा उघडतो, तळघरात लसणाचा वास.
"जेवायला चला."
"आलेच."
ती दिवा खाली ओढते, जवळजवळ आडवा करते,
उजेड धातूवरून घसरत जातो
आणि खरवडलेल्या जागी
ग
वाचता येतो.