उटी

लोटन मिस्तरीने धुळ्याच्या भंगारातून
दोन ड्रम आणले, पोत्यात गुंडाळून.
बोटीतून आलेल्या कुठल्याशा चाकांवरच्या घराचे म्हणे.
आतले चुंबक जळालेले,
म्हणून आले माझ्याकडे,
दहिवेल फाट्यावर, पत्र्याच्या अर्ध्या गाळ्यात,
जिथे मी बोअरच्या मोटारी भरते.

चुंबक केवढा? खोबऱ्याच्या वाटीएवढा.
जळकी तार उलगडत वेढे मोजत होते.
तीनशे बाविसाव्याला हिलाल म्हणाला,
कोकिळाताई, चहा सांगू का?
मग दुसरा चुंबक घेतला. पुन्हा एकपासून.

ट्रॉली हिलालच्या बापाच्या वेळची.
सव्वीस वर्षांत रंग तीनदा, टायर सातदा,
फाळका एकदा,
ब्रेक कधीच नाही.
ट्रॉलीला कुठे ब्रेक असतो? लोक म्हणायचे,
पुढचा थांबला की मागचा थांबतोच.

कोंडाईबारीचा उतार हे मानत नाही.
चार टन कांदा मागून खांद्यावर हात ठेवतो,
आधी दोस्तासारखा.
गेल्या फाल्गुनात ट्रॅक्टर आडवा झाला,
ट्रॉली त्याच्या कुशीत शिरली
आणि कांदे एकटेच नवापूरला निघाले.
कुणाला लागलं नाही.
हिलाल महिनाभर झोपेत उजवा पाय दाबत होता,
त्याची बायको सांगते.

आणि सुपडू.
तो मागे फाळक्याला टेकून बसतो,
मांडीवर काळा दगड.
गाडी थबकली की उडी,
चाकाला दगड, आणि आरोळी: लागनी उटी!
अकरा वर्षं हाच दगड.
एक अंग टायरने गुळगुळीत केलेलं,
दुसऱ्याला शर्टाचा घाम.
डाव्या करंगळीचं वरचं पेर कुठल्या चढावर राहिलं
ते तो सांगत नाही,
कुणी विचारलं तर बिडी मागतो.

आसाच्या चौकोनी दांड्याला लोटनने जाड चकती जोडली.
तार साट्याखालून ओढली, जुन्या पाइपात घालून,
उंदरांचा भरवसा नाही.
मी म्हटलं, अर्थिंगपाशी गंज घासा,
गंजातून करंट परत येत नाही.
मला शिकवते? म्हणाला,
आणि लोखंड चमकेपर्यंत घासत बसला.

जॅक लावताना दुसरं चाक सरकायला लागलं.
लोटनने इकडेतिकडे पाहिलं.
सुपडूने न बोलता दगड लावला.

चाक अधांतरी गरगर फिरवलं, बटण दाबलं:
आत टच्च,
जिभेने म्हशीला हाकावं तसं,
आणि चाक उभं.
नॉब तीनवर नुसती गुणगुण,
सातवर टायर जाम.
पाचवर खडूने खूण केली.

शेवटी साट्याला लहानशी बॅटरी, दोरीला बांधलेली पिन.
ट्रॉली सुटलीच कधी, तर पिन उपसेल,
ब्रेक आपोआप लागेल.
सुपडूने ती दोरी दोनदा चाचपली.
मंग हाई बी उटीच शे.
शे ना, लोटन म्हणाला,
फक्त उडी मारत नही.

दुसऱ्या दिवशी घाटात भरल्या ट्रॉलीनिशी गेलो.
मी मडगार्डवर, पदर खोचून.
उतार सुरू झाला, हिलालने बटण सरकवलं,
आणि मागून कुणी पदर धरावा
तशी ट्रॉली हलकेच मागे राहिली.
ढकललं नाही.
करपल्या भाकरीसारखा वास आला,
नवे लायनर पहिल्यांदा तापतात तेव्हाचा.
हिलालचा उजवा पाय
पाटावर बसल्यासारखा निवांत.

वळणावर गाडी थांबली, जागच्या जागी.
मागे वळून पाहिलं,
तर सुपडू रस्त्यावर, चाकाशी वाकलेला,
दगड लावून झालेला.
आरोळी मात्र दिली नव्हती.

हिलाल काही बोलला नाही.
लोटन नट तपासायला लागला, घट्टच होते ते.
मी खाली उतरून पाहिलं:
दगड आणि टायर यांच्यामध्ये
दोन बोटं जातील एवढी फट होती.
सुपडूही तिच्याकडेच बघत होता.